साडेपाचला रेकॉर्डिंग बंद!

तोच अल्बम, तीच गाणी आणि किंमत मात्र कैक पट. पन्नास वर्षांनी नव्याकोऱ्या खोक्यात येणारे क्लासिक रॉक अल्बम पुन्हा विकत घेणं हा शहाणपणा की निव्वळ वेड? या प्रश्नाचं उत्तर शोधायला लंडन, लीड्स आणि शेवटी चक्क आपलं फोर्ट गाठावं लागलं.

ॲबी रोडवरचं ते जगप्रसिद्ध झेब्रा क्रॉसिंग समोर आल्यावर पहिल्यांदा मनात काय येतं, सांगू? 'हे एवढंसं?' दादरला कबुतरखान्यापाशी याच्या दुप्पट रुंदीचा रस्ता आपण रोज हातात भाजीची पिशवी घेऊन ओलांडतो. त्याचे फोटो कोणी काढत नाही.

इथे मात्र सकाळी साडेनऊला रांग होती. ब्राझीलहून आलेली चार मुलं, एक जपानी जोडपं, एक जर्मन आजोबा आणि मी. प्रत्येकाला एकच फोटो हवा. चौघे, एकामागे एक, पाय फाकलेले. समोरच्या गाड्यांचे ड्रायव्हर इतके सहनशील की मला त्यांचीच दया आली. आपल्याकडे एव्हाना हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला असता.

मी एकटीच गेले होते, त्यामुळे चारातली एकच भूमिका माझ्या वाट्याला आली. ब्राझीलच्या मुलांनी माझे फोटो काढले. सात काढले, त्यातल्या सहांत मी डोळे मिटलेत नाहीतर समोर बस आलीये. एक बरा आला, तो मी घरी पाठवला. बाकीचे उडवायला गेले आणि थांबले. कारण या क्रॉसिंगची मूळ गोष्टही अशीच आहे.

८ ऑगस्ट १९६९ ला इयन मॅकमिलन नावाचा फोटोग्राफर इथे भर रस्त्यात शिडीवर चढला. पोलिसाने गाड्या अडवून धरल्या. दहाएक मिनिटांत सहा फोटो निघाले, त्यातला एक 'ॲबी रोड' अल्बमच्या कव्हरवर गेला आणि अजरामर झाला. बाकीचे फोटो आज पाहायला मिळतात. सुरुवातीच्या फोटोंत पॉल मॅकार्टनीच्या पायात चपला आहेत. कव्हरवर तो अनवाणी आहे आणि त्या अनवाणी पायांवरून पुढे 'पॉल मेला' अशा अफवांचं केवढं रामायण झालं! चपलांचा फोटो पाहिल्यावर कळतं, बिचाऱ्याने फक्त चपला काढल्या होत्या.

माझ्या डोक्यातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच रस्त्यात मिळालं होतं, पण ते कळायला अजून बरंच फिरावं लागणार होतं.

'हे आहे ना आपल्याकडे?'

प्रश्न मुळात माझा नव्हताच, आईचा होता. एका मोठ्या लेखाचे पैसे हातात आले आणि मी त्यातल्या बऱ्याच भागाचा 'ॲबी रोड'चा २०१९ सालचा सुपर डीलक्स सेट मागवला. चाळीस ट्रॅक, जाडजूड पुस्तक, टेबलावर ठेवला तर जेवायला जागा उरत नाही. आईने खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "हे आहे ना आपल्याकडे?"

आहे. बाबांची कॅसेट आहे, ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली. काळा घोड्याचं ते दुकान २०१६ ला बंद झालं, पण त्यांचा स्टिकर कॅसेटवर अजून चिकटून आहे. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एका जागी टेप प्लेअरने चघळली होती, तिथे गाणं क्षणभर पाण्यात बुडून वर येतं. मला अजूनही ते गाणं बुडाल्याशिवाय पूर्ण वाटत नाही.

मग मी पैसे कशाचे दिले? तीच गाणी अधिक स्वच्छ ऐकण्याचे? की कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे की ज्यांना एकदा वेड लागलंय, ते दर दहा वर्षांनी त्याच गाईला पुन्हा चारा घालतात? आधी एलपी, मग कॅसेट, मग सीडी, मग रीमास्टर, मग पंचविसावा वाढदिवस, चाळिसावा, पन्नासावा. आपल्याकडे एकसष्टी आणि सहस्रचंद्रदर्शन असतं, तसंच.

खरं सांगायचं तर मला त्या खोक्याची थोडी लाजच वाटत होती. म्हणून मे महिन्यात वेम्बलीला मैत्रिणीकडे राहायला गेले तेव्हा ठरवलं, ही गाणी जिथे तयार झाली तिथे जायचं आणि तिथे उभं राहून ते जास्तीचे ट्रॅक ऐकायचे. काही हाती लागलं तर खोकं ठेवायचं. नाही लागलं तर परत येऊन विकून टाकायचं. सौदा स्वच्छ.

फेकू नका, असं सांगितलं होतं

क्रॉसिंगपासून चार पावलांवर ३, ॲबी रोड. समोरून पाहिलं तर साधं पांढरं घर. आत किती मोठं प्रकरण आहे याचा पत्ता लागत नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये सर एडवर्ड एल्गार यांनी इथे ऑर्केस्ट्रा वाजवून स्टुडिओचं उद्घाटन केलं. आत सर्वसामान्यांना प्रवेश नाही. बाहेरची भिंत मात्र सगळ्यांची. तिच्यावर जगभरातल्या लोकांनी नावं, बदाम आणि तारखा लिहिलेल्या असतात. भिंत भरली की पांढरा रंग मारतात आणि पाटी पुन्हा कोरी.

मी त्या भिंतीला टेकून कानात हेडफोन घातले आणि बॉक्समधला माझा लाडका ट्रॅक लावला.

'ॲबी रोड'च्या दुसऱ्या बाजूला छोट्या छोट्या गाण्यांची एक सलग माळ आहे. तिच्या मधोमध मूळ आराखड्यात 'हर मॅजेस्टी' नावाचं जेमतेम पंचवीस सेकंदांचं गाणं होतं. पॉलला ते तिथे आवडलं नाही, म्हणाला काढून टाका. जॉन करलँडर या तरुण इंजिनिअरने ते कापलं. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही, अशी त्याला वरून ताकीद होती. मग त्याने तो तुकडा टेपच्या शेवटी, मधे वीसेक सेकंदांची कोरी फीत सोडून जोडून ठेवला. ते ऐकल्यावर पॉलला तो अपघातच आवडला. आज अल्बम संपला असं वाटतं, शांतता होते आणि अचानक एक मोठा दणका वाजून ते गाणं सुरू होतं. तो दणका मुळात आधीच्या गाण्याचा शेवटचा सूर आहे, कापताना चुकून सोबत आलेला. आणि त्याचा स्वतःचा शेवटचा सूर? तो मागेच राहिला. म्हणून ते गाणं असं अधांतरी तुटतं.

२०१९ च्या सेटमध्ये ही माळ ३० जुलै १९६९ च्या कच्च्या जोडणीत ऐकायला मिळते, 'हर मॅजेस्टी' मूळ जागी ठेवून. ऐकताना दोन गोष्टी एकदम कळतात. एक, तो दणका कुठून आला. दोन, पॉलचं बरोबर होतं. त्या गाण्याने माळ अडखळते.

ही दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आपण तयार अल्बम ऐकतो तेव्हा वाटतं, हे असंच असणार होतं. जणू आकाशातून पडलं. कच्चा माल ऐकला की कळतं, कोणीतरी एका खोलीत बसून 'हे नको' म्हणालं होतं. ऑफिसात प्रेझेंटेशनचा सतरावा ड्राफ्ट पाठवणाऱ्या कोणालाही याचं मोल वेगळं सांगायला नको.

सोहोतला शेजारी

सोहोमध्ये डीन स्ट्रीट आणि वॉर्डर स्ट्रीट यांना जोडणारी एक बोळ आहे, सेंट ॲन्स कोर्ट. गिरगावातल्या दोन चाळींच्या मधली वाट आठवावी, इतकी अरुंद. इथे ट्रायडेंट स्टुडिओ होता. १९६८ मध्ये बीटल्स इथे 'हे ज्यूड' रेकॉर्ड करायला आले, कारण इथे आठ ट्रॅकचं मशीन होतं आणि त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत ते अजून वापरात आलं नव्हतं. पुढे डेव्हिड बोवीने 'झिगी स्टारडस्ट' इथेच केला. भिंतीवर त्याच्या नावाची निळी पाटी आहे.

मी गेले तेव्हा बोळीत एक माणूस बिअरचे क्रेट ओढत होता आणि त्याचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटून घुमत होता. मला हसू आलं. कारण मी नेमका तोच ट्रॅक लावला होता.

फेब्रुवारी १९६९. 'आय वाँट यू'चं रेकॉर्डिंग रात्री इथे चाललंय. टेपवर आधी कंट्रोल रूममधून एक अतिशय अदबशीर आवाज येतो. जमलं तर आवाज जरा कमी कराल का, बाहेरून तक्रार आली आहे. जॉन लेनन विचारतो, या वेळी इथे लोक करतायत तरी काय? मग म्हणतो, एकदा जोरात वाजवून घेऊ, नाही जमलं तर हळू करू. आणि वाजवतात. कसले वाजवतात!

मूळ अल्बममध्ये हा संवाद नाही आणि नसायलाच हवा. पण त्या बोळीत उभं राहून तो ऐकताना पहिल्यांदा जाणवलं की ही माणसं कुठल्या देवळात बसली नव्हती. यांच्याही शेजाऱ्यांना सकाळी कामावर जायचं होतं. पुण्यातल्या सोसायटीत रात्री दहानंतर गिटार काढणाऱ्या प्रत्येक पोराला हा ट्रॅक ऐकवला पाहिजे. त्याच्या शेजाऱ्यांनाही.

भाजणीतून ज्वारी वेगळी काढा

इथे थोडं तांत्रिक बोलू, कारण खोक्यांवर 'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' हे दोन शब्द इतक्या दिमाखात छापलेले असतात की आपण नुसतेच दबतो.

रीमास्टर म्हणजे तयार भाजी पुन्हा नीट गरम करून, मीठ-लिंबू बघून वाढणं. भाजी तीच. रीमिक्स म्हणजे बटाटा, कांदा, टोमॅटो पुन्हा वेगवेगळे घेऊन नव्याने फोडणी देणं. साहित्य तेच, चव बदलणार. त्यामुळे रीमिक्स करणाऱ्याचा हात कसा आहे, यावर सगळं अवलंबून.

बीटल्सच्या बाबतीत हा हात जाइल्स मार्टिनचा. त्यांचे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा हा मुलगा. साठच्या दशकात टेपवर चारच ट्रॅक मिळत. ते भरले की एकत्र करून दुसऱ्या टेपवर एका ट्रॅकमध्ये उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. प्रत्येक वेळी आवाज थोडा मळायचा. २०१७ मध्ये 'सार्जंट पेपर'च्या वेळी जाइल्सने एकत्र करण्याआधीच्या टेपांपर्यंत मागे जाऊन काम केलं. पण 'रिव्हॉल्व्हर'मध्ये अडचण मोठी. तिथे ड्रम, गिटार, बेस बऱ्याचदा एकाच ट्रॅकवर एकत्र वाजलेले. दळलेल्या भाजणीतून ज्वारी, बाजरी, हरभरा वेगळा काढायचा कसा? पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सवरच्या २०२१ च्या माहितीपटासाठी संगणकाला आवाज ओळखून वेगळे करायला शिकवलं आणि २०२२ मध्ये त्याच पद्धतीने 'रिव्हॉल्व्हर' सुटा करून पुन्हा मांडता आला.

त्या सेटमध्ये मला सगळ्यात जास्त हलवलं ते 'यलो सबमरीन'ने. होय, तेच बालगीत! आपण शाळेत टाळ्या वाजवत म्हटलेलं. त्याच्या सुरुवातीच्या घरगुती टेपवर लेनन एकटा गिटार घेऊन, भलताच उदास होऊन गातो. त्या दुःखी चालीचा पुढे चौघांनी मिळून पाणबुडीतला पिकनिक केला. हे कळल्यावर ते बालगीत पुन्हा पूर्वीसारखं ऐकता येत नाही. आणि माझं तर म्हणणं आहे, ऐकूच नये.

कॅन्टीनमध्ये एक रात्र

किंग्ज क्रॉसहून लीड्सला रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. मैत्रीण म्हणाली, "तिथे पाहायला काय आहे?" मी म्हटलं, "कॅन्टीन."

लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत मुलं जेवतात. मीही ट्रे घेऊन रांगेत उभी राहिले, चिप्स घेतल्या आणि भिंतीशी बसले. बाहेर निळी पाटी आहे. द हू हा बँड २००६ मध्ये पुन्हा इथे वाजवायला आला त्या वेळी लावलेली. १४ फेब्रुवारी १९७० च्या शनिवारी रात्री याच हॉलमध्ये, दोन हजारांच्या आसपास पोरांसमोर त्यांनी जे वाजवलं ते 'लाइव्ह ॲट लीड्स'. रॉकमधला सर्वोत्तम लाइव्ह अल्बम कोणता, या भांडणात हे नाव हमखास निघतं.

पण १९७० साली आलेल्या एलपीवर गाणी किती होती? सहा! चाळीस मिनिटंसुद्धा नाहीत. कव्हर मुद्दाम चोरट्या रेकॉर्डसारखं खाकी, वर शिक्का मारलेला. टेपमध्ये करकर होती, तर लेबलवरच लिहून टाकलं की ही करकर अशीच आहे, दुरुस्त करू नका. १९९५ च्या सीडीवर गाणी चौदा झाली आणि संगणकाने ती करकरही काढून टाकली. २००१ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत त्या रात्री वाजवलेला 'टॉमी' हा आख्खा रॉक ऑपेरा मिळाला, फक्त तो दुसऱ्या सीडीवर वेगळा काढून. म्हणजे क्रम प्रत्यक्ष कार्यक्रमाचा नाही.

हीच ती २००१ ची आवृत्ती मी आदल्या दिवशी सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवर सेकंडहँड घेतली होती, पिझ्झाच्या किमतीत. चिप्स खात सलग ऐकली आणि पटलं की विस्तारित आवृत्ती म्हणजे काय याचा धडा घ्यायचा तर इथे. सहा गाण्यांचा अल्बम हा ठोसा आहे. पूर्ण कार्यक्रम म्हणजे आख्खी कुस्ती. त्यात दम लागतो, विनोद होतात, बँड एकमेकांना शोधतो. ठोसा कुठून आला ते कुस्ती पाहिल्यावर कळतं.

याच कथेचं एक शेपूट आहे. दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला त्यांनी हल शहरात वाजवलं. ते रेकॉर्डिंग बाजूला पडलं, कारण सुरुवातीच्या काही गाण्यांत बेस उमटलाच नव्हता. चाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, हलचा कार्यक्रम प्रसिद्ध झाला तेव्हा त्या गाण्यांत लीड्सचा बेस आणून बसवला. जॉन एन्ट्विसल तोवर जाऊन आठ वर्षं झाली होती. आता सांगा, हा हलचा कार्यक्रम आहे का? मला वाटतं आहे. माणूस तोच, गाणं तेच, फक्त एक रात्र आधीचा हात. पण यावर भांडायला मी कधीही तयार आहे.

आणि नको असलेले उपद्व्याप

प्रत्येक पुनर्मुद्रण पुण्यकर्मच असतं, असं मुळीच नाही. सगळ्यात वाईट उदाहरण ऑझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमचं. २००२ च्या आवृत्तीत त्यावरचे बॉब डेझली आणि ली कर्स्लेक यांचे मूळ बेस आणि ड्रम पुसून नव्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतले. मानधनाचे वाद कोर्टात गेले होते, त्याची ही पार्श्वभूमी. चाहत्यांनी बोंब मारली आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. वीस वर्षं जे ऐकून लोक मोठे झाले, ते कोणीतरी मालकी हक्काने बदलून टाकतं आणि वर तेच कव्हर लावतं. याला विस्तार म्हणत नाहीत, अतिक्रमण म्हणतात.

तर माझी साधी परीक्षा अशी. मूळ अल्बम होता तसा जागेवर आहे का? जास्तीच्या गोष्टी ऐकल्यावर मूळ गाण्याबद्दल काही नवं कळतं का? की एकाच गाण्याचे पाच सारखेच टेक भरून वजन वाढवलंय? आणि ज्यांनी वाजवलं, त्यांची नावं आहेत का?

या शेवटच्या प्रश्नाने मला घरी आणलं.

बर्विक स्ट्रीटच्या त्याच दुकानात 'व्हाइट अल्बम'चा २०१८ चा मोठा सेट होता. हात शिवशिवत होते, पण परतीच्या बॅगेचं वजन आणि बँकेतला बॅलन्स, दोन्ही आठवून मी तो ठेवून दिला. ठेवताना मागची यादी वाचली. इशरमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या घरी केलेले २७ डेमो, ५० स्टुडिओ टेक. त्यात शेवटाकडे एक ओळ होती, 'द इनर लाइट', टेक ६, फक्त वाद्यं. हे रेकॉर्डिंग मुंबईचं. आमच्या मुंबईचं!

सर फिरोजशहा मेहता रोड, फोर्ट

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' चित्रपटाचं संगीत करायला मुंबईत आला होता. एचएमव्हीचा स्टुडिओ फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवर, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये होता. वादकांत सरोदवर आशीष खाँ, पखवाजवर महापुरुष मिश्र, बासरीवर हरिप्रसाद चौरासिया. 'वंडरवॉल'चं काम झाल्यावर त्याने इथेच आणखी एका गाण्याचं वाद्यसंगीत करून घेतलं. टेप लंडनला नेली, फेब्रुवारीत ॲबी रोडला त्यावर गायला आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला 'द इनर लाइट' बाहेर पडलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. लेबलवर नाव एकच, द बीटल्स. मुंबईतल्या वादकांची नावं तिथे नव्हती.

स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर होता, ध्वनिरोधक वगैरे काही नाही. खालच्या टॅक्सींचे आवाज टेपवर आले, असं हॅरिसनने पुढे मुलाखतीत सांगितलं. आणि रोज संध्याकाळी साडेपाचला रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पायांचा एवढा धडधडाट व्हायचा!

परतल्यावर पहिल्याच शनिवारी मी तिथे गेले. झेरॉक्सची दुकानं, सँडविचवाला, टॅक्सींची रांग. मला तरी कुठे निळी पाटी दिसली नाही. फोटोसाठी रांग तर नाहीच. समोरच्या फुटपाथवर उभी राहून टेक ६ ऐकला. फोनवरच ऐकला, सेट न घेता. आज यातलं बहुतेक सगळं स्ट्रीमिंगवर आहे, त्यामुळे खोकं परवडत नाही ही सबब चालणार नाही.

गायकाचा आवाज काढून टाकल्यावर काय होतं माहितेय? मागे बसलेली माणसं पुढे येतात. सरोद, पखवाज, बासरी इतक्या मोकळ्या ऐकू येतात की वाटतं, गाणं त्यांचंच होतं, हॅरिसन फक्त पाहुणा आला होता. पन्नास वर्षं ही माणसं एका आवाजामागे होती आणि एका 'जास्तीच्या' ट्रॅकने त्यांना उजेडात आणलं. माझा सौदा तिथे मिटला. खोकं विकायचं नाही.

तिथून थेट डोंबिवली. माझे आजोबा १९६४ पासून निवृत्त होईपर्यंत याच रस्त्यावरच्या एका ऑफिसात कारकून होते. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून ऐकलं. "हे आपल्याकडचं वाजतंय," म्हणाले. "पण गाणारा कुठाय?"

"गाणारा लंडनला. पण हे तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर वाजलंय आजोबा, अडुसष्ट साली." मग मी त्यांना साडेपाचची गोष्ट सांगितली. जिना, पाय, थांबलेलं रेकॉर्डिंग.

"साडेपाचला?" आजोबा म्हणाले. "अगं, आम्ही पाच-पंचवीसलाच टेबल आवरायचो."

"म्हणजे तुमच्यासारख्यांमुळे बीटल्सचं काम अडलं!"

"अडू दे. सहा-दोन चुकली की पुढची गाडी ठाण्यालाच संपायची." एवढं बोलून त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि म्हणाले, "परत लाव बघू पहिल्यापासून."

जायचं असेल तर...

ॲबी रोड : ज्युबिली लाइनवरचं सेंट जॉन्स वूड स्टेशन गाठा, पुढे चालत थोडंच. 'ॲबी रोड' नावाचं वेगळं स्टेशन पूर्व लंडनमध्ये आहे, तिथे फसून उतरणारे पर्यटक रोजचे! स्टुडिओ आतून पाहता येत नाही, शेजारी त्यांचं दुकान आहे. फोटोसाठी सकाळी लवकर जा आणि गाडीवाल्यांकडेही बघा.

सोहो : सेंट ॲन्स कोर्ट आणि बर्विक स्ट्रीट एकमेकांपासून पाच मिनिटांवर. जुन्या रेकॉर्डसाठी खिसा आधीच ठरवून जा.

लीड्स : लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं. रिफेक्टरी विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाला लागूनच आहे.

फोर्ट : हुतात्मा चौकातून चालत. जायची योग्य वेळ संध्याकाळी साडेपाच. कान उघडे ठेवा.